तीन नंबरची जाळी

नल्लकुंटा, हैदराबाद
सोमवार, ९ ऑक्टोबर १९९५

बाळकृष्ण,

गुरुवारी, ५ ऑक्टोबरला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आझमाबादच्या तुझ्या कारखान्यात तीन नंबरच्या प्रेसखाली भामाच्या उजव्या हाताची तीन बोटं चेचली. त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास तुझ्या मॅनेजरनं, त्या हिम्मतरावानं, दवाखान्यात लिहून दिलं की ही बाई नल्लकुंट्याला एका घरी धुणंभांडी करते आणि तिथं भाजी चिरताना विळीवर तिची बोटं कापली.

ते घर माझं आहे.

चार-दहाला झालं त्याला अपघात म्हणायची सोय आहे. सहाला झालं त्याला काय म्हणायचं, ते तुझ्या मोठ्या बहिणीला समजावून सांग.

तीन वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा सुरुवातीला 'प्रिय' लिहावं असं मनात आलं होतं. हात वळला नाही. इंग्रजीत मुद्दामच लिहीत नाही. इंग्रजी पत्र तू परागच्या टेबलावर टाकशील आणि तो कॉम्प्युटरवर त्याचं गुळगुळीत उत्तर काढून देईल. तुझ्या लेकाला मराठी धड वाचता येत नाही, त्यामुळे हे तुला स्वतःलाच वाचावं लागेल.

मला कसं कळलं ते ऐक. भामा सकाळी माझ्याकडे भांडी घासून मग तुझ्या कारखान्यात जाते; ती शुक्रवारपासून माझ्याकडे आली नव्हती. 'ताप आहे' असा निरोप आला होता, तो मी खरा मानला. आज सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होते, तर फाटकाशी आमच्या ठाण्याचा हवालदार.

"सुशीला मॅडम का घर यहीच क्या?"

"यहीच. चप्पल बाहेर काढो."

बिचाऱ्यानं बूट काढले. मग कागद उलगडून म्हणाला, "अम्मा, आपके घर में भामा बोलके काम करती ना? कत्तीपीटपे उसका हात कटा बोलके लिखाए."

"कौन लिखाए?"

"साथ में आए सो साब. मगर नीचे डाक्टर साब क्या लिखे देखो. कटे नै, कुचले गए बोलके लिखे. मैं सोचा पूछ लेतूँ. मेरी बीवी की उंगली हफ्ते में दो बार कटती अम्मा. कुचली तो आज तक नै."

त्याच्या डोक्यात आलेला हा प्रश्न हिम्मतरावाच्या डोक्यात आला नाही. खोटं बोलायचं तर निदान जखमेशी जुळेल असं बोलावं. आणि माझी विळी गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून माळ्यावर आहे. मी सुरीनं चिरते आणि मीच चिरते. माझ्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या हातची भाजी चिरली जात नाही, हे तुला चांगलं माहीत आहे; तुझ्या मुंजीत मी आचाऱ्याला ओट्यापासून हाकलला होता.

मी हवालदाराला काय उत्तर दिलं, ते आज सांगणार नाही. तुला थोडी झोप न लागलेली बरी.

तो गेल्यावर रिक्षा करून दवाखान्यात गेले. भामाच्या हाताला एवढं मोठं बोचकं बांधलेलं. मला बघून आधी विचारलं काय, तर "अम्मा, बर्तन कौन मांजरा?" मी म्हटलं, मी. तर रडायला लागली. बोटं गेली तेव्हा म्हणे रडली नव्हती.

तिच्याकडून जे कळलं ते तुला लिहिते, कारण तू त्या प्रेसजवळ शेवटचा कधी उभा राहिलास ते तुलाच आठवत नसेल. खंडेनवमीला नेहमीप्रमाणे मशिनं धुतली. साच्याला हळदकुंकू लागलं पाहिजे, वर झेंडूची माळ चढली पाहिजे, म्हणून पुढच्या लोखंडी जाळ्या काढल्या. जाळी खाली आल्याशिवाय पेडल दाबलं जाऊ नये अशी त्या प्रेसला सोय आहे. दसऱ्याच्या मुहूर्ताला मशीन सुरू करायचं होतं आणि जाळ्या तर कोठीत पडलेल्या. मग ती सोय तारेनं बांधून टाकली आणि नारळ फोडला. दुबईच्या डब्यांची झाकणं निघायला लागली. जाळीविना जास्तच निघायला लागली. दोन दिवसांनी भामा पत्रा साच्यात सरळ करत होती आणि तिचा पाय पेडलवर पडला.

तू स्वतः दवाखान्यात जा आणि तिथं लिहून दे की हे कारखान्यात झालं. आणि जाळ्या आजच्या आज चढव. ही दोन कामं नाहीत, एकच आहे. जो अपघात झालाच नाही, त्यानंतर कुणी जाळी कशाला चढवेल?

सुशीला

*

नल्लकुंटा
गुरुवार, १२ ऑक्टोबर १९९५

बाळकृष्ण,

मी पत्र लिहिलं आणि त्याचं उत्तर म्हणून काजूकतलीचा डबा आला. डब्याबरोबर हिम्मतराव होता.

त्याचं नाव ठेवणाऱ्या आत्याला मी कधी भेटले नाही, भेटले असते तर जाब विचारला असता. खुर्चीच्या कडेवर बसला, रुमालानं मान पुसत. चहा दिला तो घेतला. माणूस वाईट नाही, हीच अडचण आहे. वाईट असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता.

"अक्का, साहेब म्हणाले, तुम्ही घरच्याच, समजून घ्याल."

"काय समजून घेऊ?"

"म्हणजे असं बघा, कारखान्यात झालं म्हटलं की इन्स्पेक्टर येणार. प्रेसला सील लावणार. पंचवीस तारखेला दुबईचा माल निघायचाय. साठ माणसांची दिवाळी आहे अक्का. घरात झालं म्हटलं तर कुणाला काही त्रास नाही. विळीला कोण सील लावतंय?"

"आणि मला?"

"तुम्हाला कोण काय बोलणार! तुम्ही एवढ्या मोठ्या शाळेतल्या बाई."

"हिम्मतराव, मी जामबागेच्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. ॲसिडच्या बाटल्या आणि चौदा वर्षांच्या मुली एका खोलीत. एकीचाही डोळा गेला नाही. का, सांगा?"

"तुमची पुण्याई."

"पुण्याई नाही! वेणी बांधल्याशिवाय, ओढणी खोचल्याशिवाय आणि चष्मा लावल्याशिवाय बर्नर पेटायचा नाही. गॅसची किल्ली माझ्या कमरेला असायची. सरस्वतीपूजन आम्हीही करत होतो. ते झाल्यावर चष्मे कोठीत टाकत नव्हतो."

तर हा भला माणूस मला म्हणतो, "पण अक्का, यंदा पूजा अगदी साग्रसंगीत झाली होती हो. भामाच्याच हातून कुंकू लावलं. तरी असं व्हावं म्हणजे..." आणि वर बघितलं. माझ्या छताकडे. तिथं पंखा आहे.

जाळी कधी चढवणार विचारलं, तर "दिवाळीनंतर नक्की." जाळी लावली की दर झाकणामागे हात मागे घ्यावा लागतो, थांबावं लागतं, माल मागे पडतो. तेवढ्याचसाठी तर जाळी लावतात, हात मागे घ्यावा म्हणून! हे बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला.

काजूकतली परत पाठवली आहे. मोजून घेतली असशीलच.

संध्याकाळी मेघनाचा फोन आला. "अक्का, दिवाळीच्या तोंडावर कशाला हे? यांचं बीपी वाढलंय." मी म्हटलं, भामाचंही विचारून बघ. फोन ठेवला तिनं. तुझी बायको चांगल्या घरातली आहे. चांगल्या घरातले लोक अशा वेळी फोन ठेवतात.

आता तुला सांगते मी हवालदाराला काय म्हटलं. काहीच नाही. बाळू, मी त्याला म्हटलं, "चौकशी करके बताती." तो म्हणाला, त्याला सणाचा बंदोबस्त आहे, मग २१ तारखेला, शनिवारी अकरा वाजता येतो. मी बरं म्हटलं. सरळ प्रश्नाला 'नंतर या' असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. आमच्या मुख्याध्यापिका म्हणायच्या, खरं उत्तर पाठ करावं लागत नाही. मला त्या सकाळी ते समोर दिसत होतं आणि तरी मी गिळलं, कारण कागदावर तुझं नाव आलं असतं. ते बारा दिवस मी तुझ्यासाठी मागून घेतले आहेत. त्यांतले तीन तू मिठाईत घालवलेस.

आणि एक. तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मी बँकेच्या मॅनेजरसमोर म्हटलं होतं, "आधी जाळ्या चढवा, मग नारळ फोडा." दरवर्षीच म्हणत होते. त्या वर्षी तुला ते लागलं. "अक्का, ही शाळा नाही," असं तू सगळ्यांसमोर म्हणालास आणि तेव्हापासून मी आले नाही. भामा सांगते, तेव्हापासून दरवर्षी पूजेनंतर जाळ्या चार-चार, आठ-आठ दिवस कोठीत राहतात. म्हणजे मी येऊन उभी राहत होते तोवर जाळ्या चढत होत्या. मग बाळू, तुझ्या कारखान्यात सुरक्षितता कधीच नव्हती. एका म्हातारीची भीती होती. ती म्हातारी घरी बसली आणि संपलं.

तुझ्या ऑफिसात भिंतीवर ते परदेशी प्रमाणपत्र लावलं आहे म्हणे, सोनेरी चौकटीत. परागनं मिळवलं. ते द्यायला आले होते, त्या दिवशी जाळ्या होत्या ना?

लेखी उत्तर दे. माणूस पाठवू नकोस.

सुशीला

*

नल्लकुंटा
शनिवार, १४ ऑक्टोबर १९९५

बाळकृष्ण,

उत्तर नाही. म्हणून मीच येऊन गेले, ते तुला कळलं असेलच. तू नव्हतास. 'साहब मीटिंग को गए.' तुझी गाडी आवारात होती.

पण आधी भामाचं सांगते. तिला घरी सोडलं आहे. सकाळी तिच्या खोलीवर गेले. मला वाटलं होतं, ती म्हणेल, अम्मा, माझ्या बाजूनं बोला. तिनं मला बसायला पाट दिला, डाव्या हातानं पाणी दिलं आणि म्हणाली, "अम्मा, आप बोल देव ना, आपकेच घर में हुआ बोलके."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"सेठ खबर भेजे. यादम्मा को मेरी जगा पे रख लिए. हाथ अच्छा हुआ तो मेरेकू बी झाडू के काम पे लेते बोले. सच बोले तो दोनों का काम जाता. सच बोले तो उंगलियाँ वापस आते क्या अम्मा?"

यादम्मा म्हणजे तिची भावजय. दोन वर्षांपूर्वी भामाचा भाऊ वारला, तेव्हापासून दोघींचं घर एकच. जाळीविना तीच प्रेस, त्याच घरातली दुसरी बाई. तुझ्या दयेलाही काय नेम आहे बघ.

मी विचारलं, "भामा, जाळी कुणी काढली?"

"मैंइच खोली. कुंकुम लगाने कू. बाद में लगाती बोली तो रहने दे बोले, माल जाना है बोले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हिम्मतराव साब बोले, पूजा में तेरे हाथ से कुछ चूक हुई होती. मेरेकू बी वैसाच लगता. इसीच वास्ते माता मेरा हाथ ली."

तू हे पुन्हा वाच. बोटं तिची गेली आणि वर तिला पटवून दिलं आहे की देवाची अपराधी तीच. दवाखान्यात खोटं लिहिलं त्याहून मला हे जास्त लागलं. मी तिला सांगितलं, माता-बिता काही नाही, जाळी असती तर हात आत गेलाच नसता. तिनं मान हलवली. मला बरं वाटावं म्हणून हलवली, ते कळतं.

तिथून चालत कारखान्यात आले. फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं सलाम केला, "बडी अम्मा, बहोत दिनाँ कू," आणि अडवायचं विसरला. त्याला रागावू नकोस.

शेडमध्ये शिरले तर दारातच फुटलेला कोहळा, त्यात कुंकू, वर लिंबं. तीन नंबरच्या प्रेसला नवी काळी दोरी. शांत केलीत म्हणे, बुधवारी, ब्राह्मण बोलावून. मला एवढंच विचारायचं आहे, शांत कशाची केली? बोटं तर माझ्या विळीवर कापली ना? मग कोहळा माझ्या दारात फोडायला हवा होता. देवापुढे खरं बोलता आणि दवाखान्यात खोटं. देवाकडून दंड होत नाही अशी खात्री दिसते.

यादम्मा बसली होती. कोवळी आहे रे, पंचविशीचीही नसेल. पत्रा आत, पाय खाली, धाड, झाकण बाहेर. पत्रा आत, पाय खाली, धाड. तिचा हात आणि तो ठोकळा यांच्यामध्ये हवा होती फक्त. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बंद करो."

आणि बाळू, बंद केलं. एका शब्दावर. हिम्मतराव धावत आला, खुर्ची मागवली, पंखा माझ्याकडे वळवला. बायका उठून उभ्या राहिल्या. दोघी-तिघी पाया पडल्या. मी कोठी उघडायला लावली. चारही जाळ्या तिथं भिंतीला टेकून होत्या, त्यांच्यावर खंडेनवमीची झेंडूची माळ सुकून काळी पडलेली. आमच्याकडे निरुपयोगी वस्तूलाही हार घालतात. मी म्हटलं, माझ्यादेखत चढवा. हिम्मतराव म्हणाला, "फिटर जेवायला गेलाय अक्का, आला की लगेच. तुम्ही उन्हातानात कशाला थांबता?" मी थांबले. पाऊण तास थांबले. सगळे उभे, सगळे अदबीनं. अखेर माझंच डोकं गरगरायला लागलं. हिम्मतरावानं रिक्षा आणवली, हात धरून बसवलं.

रिक्षा फाटकाबाहेर वळली नाही, तोच मागून धाड आवाज आला. मग दुसरा.

माझ्यासाठी मशीन थांबवलं, जसं पूजेसाठी थांबवतात. मान दिला, आणि मी गेल्यावर आपलं काम सुरू. मला तसा मान नको. त्यापेक्षा कुणीतरी उलट उत्तर दिलं असतं, "म्हातारे, तुझं काय काम इथं" म्हणालं असतं, तर भांडता तरी आलं असतं.

तू काचेच्या केबिनमध्ये होतास ना? पडदा हलला होता.

सुशीला

*

नल्लकुंटा
बुधवार, १८ ऑक्टोबर १९९५

बाळकृष्ण,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. तुझ्या जुबिली हिल्सच्या फाटकावर जी पितळेची पेटी आहे, तीत मी स्वतः आणून टाकते आहे. मेघनाला सांग, आत येणार नाही. चहाचं आधण ठेवायला नको.

काल दुपारी यादम्माचा हात गेला असता. पत्रा काढताना साच्याच्या कडेला तिच्या बांगड्या अडकल्या आणि पाय पेडलवर होता. तिनं हात ओढला. डझनभर काचेच्या बांगड्या फुटल्या, मनगटावर ओरखडे आले, हात वाचला. तेवढंच. बांगड्या काचेच्या होत्या म्हणून. त्या पोरीनं बांगड्यांऐवजी कडं घातलं असतं, तर आज हवालदाराकडे दुसरा कागद असता आणि त्यावर कदाचित माझ्या पाट्या-वरवंट्याचं नाव असतं.

मला वाटलं, आता तरी. मी खरंच तसं वाटून घेतलं, साठी उलटलेल्या बाईनं. आता तरी जाळ्या चढतील.

आज सकाळी तुझ्या शेडच्या दारावर सूचना लागली. यादम्मानं येऊन सांगितली, तिला वाचता येत नाही, दुसरीनं वाचून दाखवली. तेलुगूत आणि इंग्रजीत: कामाच्या वेळी स्त्री-कामगारांनी बांगड्या घालू नयेत, घातल्यास दंड होईल.

इंग्रजी परागचं असणार. स्पेलिंग बरोबर होतं म्हणे.

बांगड्या घालू नयेत हे चूक नाही. मीही प्रयोगशाळेत मुलींच्या काढून ठेवायला लावायची. पण मी गॅसची किल्लीही जवळ ठेवायची! मशीनची चूक झाकायला तुम्हाला दरवेळी कुणा बाईचं काहीतरी सापडतं. आधी तिच्या हातची पूजा चुकली, मग माझी विळी, आता यादम्माच्या बांगड्या. त्या मनगटातल्या बांगड्यांचं मोल तुला ठाऊक नाही. नवरा गेला तेव्हा जातवाल्यांनी फोडायला लावल्या होत्या. भामानं भांडून, सहा महिन्यांनी स्वतःच्या हातांनी तिला पुन्हा भरल्या. "मेरा भाई गया, इसके हाथाँ नै गए," असं म्हणाली होती सगळ्या बस्तीसमोर. आणि तुझा मॅनेजर त्या बाईला दिवाळीच्या चार दिवस आधी सांगतो, बांगड्या काढ. ती नाही म्हणाली. "तो घर जा," म्हणाला. ती घरी आली.

म्हणजे आता यादम्माचंही काम गेलं. ज्या कामासाठी भामा खोटं बोलायला तयार होती, तेच गेलं.

संध्याकाळी दोघी माझ्याकडे आल्या. मी भांडी घासत होते. भामानं एक हात पुढे करून माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि यादम्माकडे दिलं. मग म्हणाली, "अम्मा, मैं सोचती थी सच बोले तो मेराच नुकसान. सो चुप थी. कल इसका हाथ बी जाता था. अब्बी वहाँ कौन बैठी मालूम क्या? बस्ती की पोचम्मा की बेटी. नवी है. उसकू जाली क्या चीज है, वोइच नै मालूम."

मी विचारलं, "माता का कोप नहीं रहा अब?"

"माता एकीच महिने में दो बार कायकू गुस्सा होती अम्मा? इत्ता तो मेरेकू बी समजता."

मी हसले. तीही हसली, बोचकं तोंडावर धरून. पहिल्यांदाच.

तेव्हा आता मी काय करणार ते लिहिते, म्हणजे नंतर 'अक्कानं कळवलं नाही' असं व्हायला नको. हवालदार शनिवारी अकरा वाजता येईल. मी त्याला सांगेन की माझ्या घरात कुणाचं बोट कापलेलं नाही, कुठे आणि कसं चेचलं ते मला माहीत आहे, आणि जाळ्या कोठीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. भामा माझ्या शेजारी बसलेली असेल आणि स्वतःचं स्वतः सांगेल. तिथून आम्ही तिघी कारखाने-निरीक्षकाच्या कचेरीत जाऊ. शनिवारी ती अर्धा दिवस उघडी असते, मी फोन करून विचारलं आहे.

दुबईचा माल अडकेल. साठ माणसांच्या दिवाळीचं पाप मला लागेल, असं तू म्हणशील. हे मी रात्रंदिवस स्वतःला विचारलं आहे, तुझ्या हिम्मतरावाची गरज नाही. त्यांच्यातल्या चार जणी त्या चार प्रेसवर बसतात. प्रेसवर चार जाळ्या चढवायला फिटरला एक दुपार पुरते. मालाला एक दुपार उशीर होईल. साठ माणसांची दिवाळी मी बुडवत नाही, ती एक दुपार न देऊन तू बुडवतो आहेस.

तुला यातून निघायला अजून वाट आहे आणि ती सोपी आहे. तू स्वतः आधी जाऊन खरं सांगितलंस, तर ते तुझं सांगणं असेल. माझ्या तोंडून गेलं तर ती तक्रार होईल. मला तक्रार करायची नाही. केली तर अर्धवट करणार नाही, हेही तुला माहीत आहे.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. पहिल्या दिवाळीला तू फुलबाजी उलटी धरलीस आणि तळहात भाजून घेतलास. तेव्हा मी तुला मारलं नाही. त्यानंतर प्रत्येक फुलबाजी पेटवताना तुझं मनगट माझ्या मुठीत असायचं, तू दहा वर्षांचा झालास तरी. तू चिडायचास, मित्र हसतात म्हणायचास. आता ते मनगट धरता येत नाही, एवढंच माझं दुखणं आहे.

भाऊबीजेला पाट मांडलेला असेल. शनिवारी मी काहीही बोलले तरी असेल. पाटाचा आणि साक्षीचा संबंध लावू नकोस, माझ्याकडे दोन्हींना वेगळी जागा आहे.

पण उत्तर त्याआधी हवं. कागदावर, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीचं. हिम्मतराव नको, फोन नको, डबा नको. त्यात दोन वाक्यं असली तरी पुरे: भामाची बोटं कारखान्यात प्रेसखाली गेली हे तू दवाखान्यात लिहून दिलंस, आणि चारही जाळ्या चढल्या. तिसरं वाक्य माफीचं लिहायचं असेल तर ते मला नको, तिच्या खोलीवर जाऊन तिला दे.

शुक्रवार, २० ऑक्टोबर, संध्याकाळी सहाच्या आत.

सुशीला